खाजगी कॉलेज आणि विद्यार्थ्यांचे घटनात्मक हक्क : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत बारावीनंतर शिकायचं म्हटलं की बहुतेक मुलांच्या वाट्याला कुठल्या तरी शिक्षणसंस्थेचं कॉलेज येतं. शासकीय महाविद्यालयं मोजकी, आणि असली तरी घरापासून लांब. मग प्रवेशाच्या खिडकीवर, रेक्टरच्या खोलीत किंवा प्राचार्यांच्या केबिनबाहेर एक वाक्य ऐकू येतं: ‘ही खाजगी संस्था आहे, इथे आमचे नियम चालतात.’ त्यात थोडं तथ्य आहे. पण त्याचा जेवढा धाक घातला जातो तेवढं नाही. खालचे प्रश्न विद्यार्थी आणि पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते आहेत. उत्तरं सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष प्रकरण असेल तर कागद घेऊन वकिलाला भेटाच.

खाजगी कॉलेजवर मूलभूत हक्क लागू होतात की नाही?

संविधानातला मूलभूत हक्कांचा भाग मुख्यतः ‘राज्या’ला बांधतो. राज्य म्हणजे कोण, ते कलम १२ सांगतं: केंद्र आणि राज्य सरकार, संसद, विधिमंडळ, स्थानिक संस्था आणि इतर प्राधिकरणं. मुंबई विद्यापीठ, लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यात येतात. ट्रस्टने चालवलेलं विनाअनुदानित कॉलेज सहसा येत नाही. संस्थाचालकांच्या त्या वाक्यात तथ्य आहे ते एवढंच.

पण काही कलमं खाजगी संस्थेपर्यंत थेट पोहोचतात. कलम १७ अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळायला मनाई करतं, मग पाळणारा सरकारी असो की खाजगी. कलम २८(३) सांगतं की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान मिळणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. कलम २९(२) प्रमाणे अनुदान घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

दुसरी वाट कलम २२६ ची. उच्च न्यायालय ‘कोणत्याही व्यक्तीला किंवा प्राधिकरणाला’ आदेश देऊ शकतं, आणि त्यासाठी ती व्यक्ती ‘राज्य’ असावीच लागते असं नाही. अहमदाबादच्या एका ट्रस्टच्या कॉलेजबाबतच्या रुदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हे स्पष्ट केलं: संस्था सार्वजनिक कर्तव्य बजावत असेल तर तिच्याविरुद्ध रिट, म्हणजे असा आदेश मागणारी याचिका, चालते. २०१५ मध्ये एका अभिमत विद्यापीठालाही तोच नियम लावला गेला. २०२२ च्या सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटी प्रकरणात न्यायालयाने मर्यादाही घातली: ज्या कृतीत सार्वजनिक कर्तव्याचा अंश आहे तिच्यासाठीच रिट, संस्थेच्या प्रत्येक अंतर्गत व्यवहारासाठी नाही. प्रवेश, परीक्षा, शिस्तभंगाची कारवाई यांचा संबंध शिकवण्याच्या मूळ कामाशीच असल्याने विद्यार्थ्याची बाजू तिथे भक्कम मांडता येते.

२०२३ च्या कौशल किशोर निकालात घटनापीठाच्या बहुमताने कलम १९ (अभिव्यक्ती वगैरे स्वातंत्र्यं) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) चे हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही मागता येतात असं म्हटलं. निकाल मोठा आहे, पण माझ्या मते फक्त त्याच्यावर भिस्त ठेवून कोर्टात जाऊ नये. साधा, नेमका कायदा हाताशी असेल तर आधी तो वापरावा. खाजगी कॉलेजातली बहुतेक भांडणं अशाच कायद्यांनी आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी सुटतात.

आमचं कॉलेज अनुदानित आहे की विनाअनुदानित, कसं कळणार?

कॉलेजच्या नावावरून नाही, तुमच्या अभ्यासक्रमावरून बघा. कोकणात एकाच इमारतीत बी.ए., बी.कॉम.च्या जुन्या तुकड्या अनुदानित आणि शेजारच्या वर्गात आयटी किंवा मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित, असं सर्रास असतं. माहितीपुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. नसेल तर कार्यालयात लेखी विचारा. फीच्या पावतीवरूनही अंदाज येतो. पावती संस्थेच्या नावाची की महाविद्यालयाच्या नावाची, तिच्यावर कोणकोणती शीर्षकं आहेत, ‘इतर’ या रकान्यात किती रक्कम टाकली आहे, हे नीट वाचा. या एका कागदावर पुढे बरंच काही अवलंबून असतं, म्हणून त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर कागद भिजण्याबद्दल कोकणात कोणाला वेगळं सांगायला नको.

प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर सही केली होती. मग आता बोलायचा हक्क गेला का?

नाही. ‘व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील, मी कोणत्याही न्यायालयात दाद मागणार नाही’ अशा ओळी असलेलं हमीपत्र भरून घेतल्याशिवाय काही ठिकाणी प्रवेशच देत नाहीत. बाप आंबा-काजूच्या हंगामातले पैसे घेऊन खिडकीवर उभा, मागे रांग, आणि कारकून म्हणतो ‘इथे सही करा’. त्या क्षणी ते कोण वाचणार?

मूलभूत हक्क सही करून सोडून देता येत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या बशेशर नाथ प्रकरणात मांडलं. १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईतल्या फूटपाथवासीयांनी झोपड्या हटवण्यास हरकत घेणार नाही असं उच्च न्यायालयात मान्य केलं होतं. ते पुढे करून त्यांचं तोंड बंद करता येणार नाही, संविधानाविरुद्ध अशी अडवणूक चालत नाही, असं घटनापीठाने सांगितलं. शिस्तीच्या साध्या अटी, म्हणजे ओळखपत्र लावणं, हजेरी, प्रयोगशाळेचे नियम, या मात्र तुम्हाला बांधतात. न्यायालयात जाण्याचा मार्गच बंद करणारी ओळ तशी बांधत नाही.

हमीपत्राची प्रत मागून घ्या. देत नसतील तर तेही अर्जात लिहा.

नोटीस न देता निलंबित केलं किंवा नाव कमी केलं. काय करायचं?

कॉलेजला शिस्तभंगाची कारवाई करता येते, पण ती करण्याची रीत असते. आरोप काय आहे ते लेखी कळवायचं, पुरावा दाखवायचा, म्हणणं मांडायला वेळ द्यायचा, आणि ज्याने तक्रार केली त्यानेच निर्णय द्यायचा नाही. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं म्हणतात ती हीच. शिक्षाही चुकीच्या मानाने असावी. वर्गात मोबाईल वाजला म्हणून वर्ष बुडवणं कुठल्याही न्यायाधीशापुढे टिकणं कठीण.

अलीकडचं उदाहरण जवळचंच आहे. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयाने समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून विद्यार्थिनीला काढून टाकलं. तिला अटकही झाली. मुंबई उच्च न्यायालयाने तिची तातडीने सुटका करायला लावली, काढून टाकण्याचा आदेश स्थगित केला आणि तिला परीक्षेला बसण्याची वाट मोकळी करून दिली. तिचं म्हणणं ऐकून न घेताच कारवाई झाली होती, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. कॉलेज विनाअनुदानित होतं म्हणून न्यायालयाने हात झटकले नाहीत.

तुमच्या बाबतीत पहिलं काम: तोंडी सांगितलेला आदेश लेखी मागा. ‘मला आजपासून वर्गात बसू दिलं जात नाही. कारण आणि त्याबाबतचा आदेश लेखी द्यावा,’ एवढ्या दोन ओळींचा अर्ज पुरतो. परीक्षा तोंडावर असेल तर थांबू नका, त्याच दिवशी वकील गाठा. परीक्षेला तात्पुरतं बसू देण्याचा अंतरिम आदेश परीक्षेआधी मागितला तरच उपयोगाचा.

गावच्या आंदोलनाला गेलो, किंवा प्रकल्पाविरुद्ध पोस्ट टाकली, म्हणून कॉलेज कारवाई करू शकतं का?

जैतापूर असो, नाणार असो की २०२३ मधलं बारसूचं माती परीक्षण, कोकणातली मुलं आपापल्या वाडीबरोबर सभेला जातातच. शांततेने, विनाशस्त्र जमणं हा कलम १९(१)(ब) चा हक्क आहे आणि मत मांडणं १९(१)(अ) चा. कॉलेजच्या वेळेबाहेर, कॉलेजच्या आवाराबाहेर, कॉलेजचं नाव न वापरता केलेल्या शांततामय गोष्टीवर शिक्षा करायला कॉलेजकडे भक्कम कारण असावं लागेल. पोलिसांत नुसता गुन्हा नोंदला गेला म्हणजे दोष सिद्ध झाला असंही होत नाही.

आवाराच्या आत चित्र वेगळं आहे. सभा कुठे, कधी घ्यायची यावर कॉलेज बंधनं घालू शकतं. आवारात राजकीय हालचालींना बंदी घालणं केरळ उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ग्राह्य धरलं होतं. आणि शिक्षकांना उद्देशून शिवीगाळ, कोणाचा खाजगी फोटो टाकणं, धमकी देणं याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणत नाहीत.

डोनेशन मागतात. पावती देत नाहीत. हे कायदेशीर आहे का?

अजिबात नाही. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीपलीकडे मागितलेले पैसे, घेण्याला मनाई करणारा कायदा १९८७ पासून आहे आणि त्यात कैदेची तरतूद आहे. टी.एम.ए. पै (२००२) आणि पी.ए. इनामदार (२००५) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने खाजगी संस्थांना स्वायत्तता दिली, संस्था वाढवण्यापुरती वाजवी शिल्लकही मान्य केली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी नाही असं बजावलं.

विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०१५ च्या राज्य कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॉलेज आणि वर्षानुसार मंजूर फी पाहता येते. तुमच्या पावतीवरची रक्कम तिच्याशी ताडून बघा. मंजूर रकमेपेक्षा जास्त घेतली असेल तर तक्रार प्राधिकरणाकडे.

मुलींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण अजूनही कित्येक घरांत ती पोहोचलेली नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. विनाअनुदानित कॉलेजातही. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. पैसे वाचतील या समजुतीने कोणी तुम्हाला कोट्यातून प्रवेश घ्यायला लावत असेल तर आधी हे तपासा.

प्रवेश रद्द केला, पण मूळ दाखले देत नाहीत.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचा कॉलेजला अधिकारच नाही. पडताळणी करायची आणि लगेच परत द्यायची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट सांगितलं आहे. फी बाकी असेल तर वसुलीचे दुसरे मार्ग आहेत. दाखला गहाण ठेवणं हा त्यातला नाही. त्याच अधिसूचनेत फी परतीचं कोष्टक आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क म्हणून पाच टक्के, तेही ५,००० रुपयांच्या आत, कापता येतं. शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही मिळत नाही. पुढच्या काही वर्षांत आयोगाने विद्यार्थ्यांना जास्त सोयीच्या तारखाही दिल्या, म्हणून आपल्या वर्षाचं परिपत्रक बघा. कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, घेतलेल्या प्रवेशाला ती प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या तारखा लागतात.

कॉलेजच्या पूजेला हजर राहायची सक्ती आहे. हिजाबही काढायला सांगतात.

सत्यनारायणाच्या पूजेला, सरस्वतीवंदनाला किंवा प्रार्थनासभेला ज्यांना जायचंय त्यांनी जावं. सक्ती आणि हजेरीची धमकी आली की कलम २८(३) दाखवा. हे कलम मान्यताप्राप्त खाजगी संस्थेलाही लागू आहे, आणि विद्यार्थी अठराच्या आत असेल तर पालकाची संमती लागते. १९८६ च्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं.

पोशाखाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. कर्नाटकाच्या हिजाब प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे निकाल परस्परविरुद्ध आले. चेंबूरच्या एका खाजगी कॉलेजच्या बंदीविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळल्या, पण त्याच कॉलेजच्या परिपत्रकातल्या हिजाब, टोपी, बिल्ला यांवरच्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. दाभोळपासून बाणकोटपर्यंतच्या खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांतल्या मुली आता कुठे मोठ्या संख्येने पदवीपर्यंत पोहोचताहेत. कपड्यावरून त्यांचं शिक्षण तुटू नये, असं मला मनापासून वाटतं, आणि या निकालांकडे मी त्याच नजरेने बघतो.

वसतिगृहात रात्री मोबाईल काढून घेतात, बॅगा तपासतात.

केरळमधल्या एका अनुदानित खाजगी कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना ठरावीक वेळेत मोबाईल वापरायला बंदी होती. विरोध करणाऱ्या मुलीला वसतिगृह सोडायला लावलं. फहीमा शिरीन प्रकरणात २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काशी जोडली. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून वापरता येतो. मुलांना रात्री अकरापर्यंत मोकळीक आणि मुलींना सातला कुलूप, असे नियम असतील तर लेखी आक्षेप घ्या. सुरक्षेसाठी वेळ ठरवणं वेगळं आणि फक्त मुलींनाच बांधणं वेगळं.

रॅगिंग?

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ चा आहे आणि खाजगी कॉलेजलाही जसाच्या तसा लागू आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची. दोषी ठरलेल्याला दोन वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश बंद. प्राचार्यांनी तक्रार दाबली तर तेही गुन्ह्याला साथ देणारे मानले जातात. चोवीस तासांची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

शिक्षकाकडून किंवा कोणाकडूनही लैंगिक छळ झाला तर?

अंतर्गत तक्रार समिती प्रत्येक कॉलेजात हवी. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. समितीकडे गेलात म्हणून पोलिसांचं दार बंद होत नाही. ‘संस्थेची बदनामी होईल’ असं सांगून कोणी मिटवायला बसलं तर त्या बैठकीला एकटीने जाऊ नका.

विनाअनुदानित कॉलेजात आरक्षण असतं का? दिव्यांगांचं काय?

असतं. ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम १५(५) खाजगी, विनाअनुदानित संस्थांनाही लागू होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमाती निकालात ते वैध ठरवलं. अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या आहेत. दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा आहेत. लेखनिकाबाबत विकास कुमार प्रकरणातला २०२१ चा निकाल हाताशी ठेवा: ठरावीक टक्केवारीचं अपंगत्व नाही म्हणून लेखनिक नाकारता येत नाही.

माहिती अधिकार वापरता येईल का?

अनुदानित कॉलेजला माहितीचा अर्ज करता येतो. विनाअनुदानित असेल तर तोच अर्ज विद्यापीठाला किंवा उच्च शिक्षण सहसंचालकांना करा. संलग्नतेची, तपासणीची, मंजुरीची कागदपत्रं त्यांच्याकडे असतात. दहा रुपये, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे.

तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची?

आधी कॉलेजात. अर्जाच्या दोन प्रती करा. एक आवक-जावक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. ही पोच म्हणजे तुमचा पाया. कारकून ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाला तर ठेवून येऊ नका. पोस्टात जाऊन रजिस्टर्ड पोचसह पाठवा आणि त्याच दिवशी कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करा. अर्जात राग नको, तारखा हव्यात: काय झालं, केव्हा, कोणासमोर, आणि तुम्हाला काय हवंय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अपील. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीत आहे, उच्च शिक्षणाचं कोकण विभागाचं सहसंचालक कार्यालय पनवेलला. अभियांत्रिकी, कृषी, वैद्यकीय शाखांसाठी आपलं संलग्न विद्यापीठ कोणतं ते गुणपत्रिकेवर बघा. सगळ्यांनी मुंबईला धावण्याचं कारण नाही.

उच्च न्यायालयात जायचं ठरलं तर एक मोठा बदल लक्षात घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे जोडले गेले. सावंतवाडीच्या किंवा देवरुखच्या मुलाला आता रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायला नको. घाट चढला की कोर्ट. रायगडची प्रकरणं मुंबईलाच. वकिलाची फी परवडत नसेल तर अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

ग्राहक मंचात जा असा सल्ला कोणी दिला तर जपून. शिक्षण ही ‘सेवा’ आहे का, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे निकाल विद्यार्थ्यांना अनुकूल राहिलेले नाहीत.

तक्रार केली तर इंटर्नलचे मार्क कापतील, याची भीती वाटते.

ही भीती खरी आहे. छोट्या गावात प्राचार्य, संस्थेचे विश्वस्त आणि तुमच्या घरचे एकाच बाजारात भेटतात; कोणाच्या तरी काकांना फोन जातो आणि घरूनच ‘गप्प बस’ येतं. म्हणून शक्य असेल तिथे एकट्याने अर्ज करू नका. दहा जणांच्या सह्या असलेल्या अर्जावर एकाला गाठून बदला घेणं अवघड जातं. अर्ज देण्याआधी आतापर्यंतचे अंतर्गत गुण, हजेरीचा तक्ता, तपासलेल्या जर्नल्स यांचे फोटो काढून ठेवा. नंतर गुण अचानक घसरले तर आधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवून दाखवता येतो, आणि तशी पुरवणी तक्रार लोकपालाकडे करता येते.

मुलगा शिकतोय, अर्ज आम्ही पालकांनी केला तर चालेल?

माहिती अधिकाराचा अर्ज कोणीही नागरिक करू शकतो, तो पालकांनी जरूर करावा. रॅगिंगची तक्रार पालकांनाही करता येते. बाकी तक्रारींवर मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची असेल तर सही तिची स्वतःची असावी. पालकांनी सोबत आपलं पत्र जोडावं. मुंबईत नोकरीला असलेल्या वडिलांनी तिथूनच ईमेल करून मोकळं व्हायची घाई करू नये. मुलीला आधी विचारा, तिच्यासमोर अर्ज वाचा, मग पाठवा.